बैलांच्या पैशातली नाव

महालिंगप्पा सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेत बैलजोडी घ्यायला गेले आणि नाव घेऊन आले, ही गोष्ट शेळवंडीत पुढं कितीतरी वर्षं लोक हसून हसून सांगायचे. सांगणाऱ्यांचं काय जातंय! लक्ष्मम्मा मात्र त्या गोष्टीला कधी हसली नाही. जत्रेला ती नवऱ्याबरोबर होती, सौदा तिच्या डोळ्यांदेखत झाला होता, आणि पुढं जे घडलं त्याचं कारण घरात सगळ्यांच्या आधी तिला ठाऊक होतं.

त्या संक्रांतीला जनावरांच्या बाजारात बैल भलतेच महाग होते. महालिंगप्पांच्या कमरेला तीनशे कलदार बांधलेले. निजामाचा हाली सिक्का देऊन, बट्टा सोसून घेतलेले इंग्रजी रुपये, त्यामुळं ते दर घटकेला कमरेला हात लावून बघत होते. दलाल महांतप्पानं चार जोड्या दाखवल्या. एक म्हातारी, एक मारकी, एक लंगडी, आणि चांगली होती तिचे साडेपाचशे. शेवटी महांतप्पा वैतागून म्हणाला, “अण्णा, एवढ्या पैशात बैल न्हाय येत आता. नाव येती. घेता का?”

तो आपला चेष्टेत बोलला. पण धाकटा दीर कल्याणप्पा तिथंच बसला होता. त्यानं मान वर केली. “कसली नाव?”

गिरणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. लढाई संपली, आता इथं आपलं काही खरं नाही, असं त्यानं ओळखलं असावं. खुर्च्या, पलंग, घोडा सगळं विकून झालं होतं. हिप्परग्याच्या तळ्यातली शिडाची नाव तेवढी राहिली होती, कारण सोलापुरात नाव कोण घेणार?

“नावंला जू कुठं बांधू रे?” महालिंगप्पा हसले.

“अण्णा, चन्नक्का पाच पंचम्या झाल्या, आली न्हाय,” कल्याणप्पा म्हणाला. एवढंच म्हणाला. महालिंगप्पांचं हसू मावळलं आणि त्यांनी बायकोकडं बघितलं. फार नाही, पापणी लवायला लागते तेवढंच बघितलं. पण मनात चोर होता, म्हणून लक्ष्मम्माला ते लागलं.

चन्नम्मा ही दोघा भावांच्या मधली बहीण. सीना नदीच्या पल्याड, इंग्रजी मुलखात दिलेली. अल्याड निजामाचं राज्य, पल्याड इंग्रजाचं, आणि मधी नदी. उन्हाळ्यात घोट्याएवढ्या पाण्यातून चालत यावं, पण पंचमी येते श्रावणात, तेव्हा नदी दोन्ही थड्या भरून वाहते. मग गूळ करायची मोठी काहील पाण्यात सोडायची आणि तिच्यात बसून यायचं. काहील धारेत भोवऱ्यासारखी गरगर फिरते. चन्नम्मा डोळे मिटून, ‘शिवा शिवा’ करत बसायची, पण दर पंचमीला यायची. पाच वर्षांपूर्वी कल्याणप्पाचं लग्न झालं आणि तेव्हापासून तिचा निरोप येऊ लागला, ‘काहिलीची भीती वाटती.’

लग्नाच्या पंगतीत चन्नम्मा दहा माणसांदेखत म्हणाली होती, “वैनी, तूप जेवायला वाढलंय का डोळ्यांत घालायला?” लोक हसले. लक्ष्मम्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतायच्या दिवशी नणंद दारात पाट मांडून बसली, पदर पसरून, आणि लक्ष्मम्मा डोकं दुखतंय म्हणून आतल्या खोलीत पडून राहिली. शेवटी ओटी भरली ती नव्या नवरीनं, नीलम्मानं. हळद ओली होती तिची. माहेरची लेक थोरल्या भावजयीच्या हातच्या ओटीशिवाय गेली. पुरुषांना यातलं काय कळणार? त्यांना वाटत होतं, सगळा दोष नदीचा.

“बघून तर येऊ,” महालिंगप्पा उठले. “बघायला काय पैसे पडत न्हाईत.”

तळ्यावर धुळाप्पा कोळी भेटला. नाव सांभाळायला साहेबानं ठेवलेला म्हातारा. नाव पांढरी होती, चांगली पंधरा-सोळा हात लांब, मधे दोन माणसांना निजता येईल एवढी जागा, शिडाला तीन ठिगळं. महालिंगप्पांनी तिच्याभोवती बैलाभोवती फिरावं तसं फिरून बघितलं. फळीवर टिचक्या मारल्या, दोर ओढून बघितले. दात असते तर दातही बघितले असते.

“वरनं नका बघू, सावकार,” धुळाप्पा म्हणाला. “रंग वर असतो, रोग खाली असतो.” त्यानं कमरेची आरी काढली, नाव कलती करायला लावली आणि तळाची फळी न् फळी टोचून दाखवली. “इथं घट्ट. इथं घट्ट. हितं बघा, मऊ हाय, आरी शिरती. ही एवढी फळी बदलून घ्या. बाकी माझ्याएवढं वय हाय तिचं, पण माझ्यापेक्षा बरी हाय.”

विकणाऱ्याच्या माणसानं स्वतःहून खोड दाखवावी, हे महालिंगप्पांनी बैलबाजारात कधी पाहिलं नव्हतं. तिथंच त्यांचं मन वळलं.

साहेबानं चारशे सांगितले. बैलबाजारात भाव बोटांवर ठरतो, त्या सवयीनं महांतप्पानं खांद्यावरचं उपरणं साहेबाच्या हातावर टाकलं आणि आत बोटं दाबायला सुरुवात केली. साहेबाला गुदगुल्या झाल्या. तो खदाखदा हसला आणि त्यानं मूठ मिटली. “झाला सौदा! अडीचशे!” महांतप्पा ओरडला. साहेबाला काय कळलं, काय नाही, शिवाला ठाऊक. पण जायची घाई होती, त्यानं मान हलवली.

पैसे मोजून झाल्यावर धुळाप्पा म्हणाला, “दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ही पाण्यातली वस्तू हाय. तुमची नदी उन्हाळ्यात आटती. कोरडी ठेवावी लागली तर सावलीत ठेवा, आन् तेल पाजा. होळीच्या आधी एकदा, मिरगाच्या आधी एकदा. न्हायतर फळ्या आक्रसतात, सांधे उघडे पडतात.”

“तेल कसलं?” लक्ष्मम्मानं विचारलं.

“मासळीचं, आक्का. डबा देतो भरून.”

तिनं पदर नाकाला लावला. “आमच्या गळ्यात लिंग हाय, बाबा. मासळीचं काय घरात न्यायला सांगतोस? आमच्या घाण्याचं करडीचं तेल हाय की.”

“करडीचं तेल वरच्या वर वाळतं. पापुद्रा धरतो. लाकूड पीत न्हाय ते,” धुळाप्पा म्हणाला आणि डबा त्यानं कल्याणप्पाच्या हातात दिला, तिच्या नाही.

दोन गाड्या एकीला एक जोडून, सहा बैल लावून नाव निघाली. हद्दीवर करोडगिरीच्या नाक्यावर मुन्शीनं वही उघडली आणि डोकं धरून बसला. बैलाला जकात किती ते ठरलेलं, कापडाला ठरलेलं, नावेला काय लावायचं? “ये कश्ती है या गाडी?” त्यानं विचारलं. “आता तरी गाडीवर हाय,” महालिंगप्पा म्हणाले. मुन्शी हसला आणि लाकूडसामान म्हणून पावती फाडली. कल्याणप्पा नावेतच बसून होता. सगळ्या वाटेनं लोक बघायला येत होते आणि तो प्रत्येकाला सांगत होता, “पंचमीला बहिणीला आणायचीय.” लक्ष्मम्मा मागच्या गाडीत बसून ऐकत होती. दर वेळी ते ऐकताना तिला वाटायचं, हा जगाला माझीच गोष्ट सांगतोय.

घरी आल्यावर मऊ फळी बदलली आणि नाव मळ्यात, छपराच्या सावलीत ठेवली. होळीच्या आधी कल्याणप्पाला कडब्याच्या कामासाठी येरमाळ्याला आठ दिवस राहावं लागलं. जाताना तो वैनीला सांगून गेला, “बब्रुवानला तेल लावायला सांगा. डबा गोठ्यात हाय.”

बब्रुवान हा घरचा जुना सालगडी. त्यानं डबा उघडला आणि वास अंगणापर्यंत आला. लक्ष्मम्मा शिवपूजेला बसली होती. ती तशीच उठली. “लांब नेऊन पूर तो डबा,” ती म्हणाली. “आन् नावंला करडीचं तेल लाव. कोठीतनं घे, पाहिजे तेवढं घे.”

“आक्का, धाकलं मालक—”

“म्या सांगते त्येंना.”

आणि तिनं सांगितलं. कल्याणप्पा आला, नावेच्या चकचकीत अंगावरून हात फिरवून खूश झाला. “लावलं व्हय तेल, वैनी? वास न्हाय येत.”

“उडून गेला असंल वास,” ती म्हणाली. “लावलं की.”

तेल लावलं होतं, हे खरंच होतं. ती स्वतःला हेच सांगत राहिली. मिरगाच्या आधी दुसऱ्यांदा लावायची वेळ आली तेव्हा तीच म्हणाली, डब्यात उरलेलं तेल बब्रुवानकडनं लावून घेतलंय. पण डबा पुरताना मनात नुसता सोवळेपणा होता का, हा प्रश्न तिला पुढं जन्मभर पडला. नाव नीट झाली की चन्नम्मा येणार, दारात पाट मांडून बसणार, आणि त्या दिवशी डोकं दुखायचं सोंग चालणार नाही. राग गेला नव्हता. तेलाच्या वासामागं तो राग दडून बसला होता, आणि तिनं त्याला बाहेर काढून बघितलं नाही.

गंमत अशी, की पुढं राग आपोआप विरघळला. आषाढात चन्नम्माचा निरोप आला. कल्याणप्पा स्वतः जाऊन सांगून आला होता, नावेत बसवून नेतो म्हणून. तिनं उत्तर धाडलं, “येते. वैनीला सांग, तूप कमी वाढलं तरी चालंल.”

लक्ष्मम्मा एकटीच चुलीपुढं बसून हसली आणि हसता हसता रडली. पेटी उघडून तिनं इरकली खण काढला. हिरवा, लाल काठाचा. पाच वर्षांपूर्वी आणलेला, त्याच ओटीसाठी. घडी मोडली नव्हती.

तेव्हा बोलायचं होतं. महिनाभर हातात होता आणि सोलापूर काही विलायत नव्हे. एक माणूस धाडून डबा आणता आला असता. पण मग खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं, आणि सांगायचं कुणाला, तर ज्या दिराला तिनं पोरासारखं वाढवलं त्याला. तिनं उद्यावर टाकलं.

श्रावण लागला, नदीला पाणी चढलं. कल्याणप्पा म्हणाला, “चार दिस आधी नाव पाण्यात सोडू. फळ्या फुगून बसतील, गळती कळंल.”

“मठातल्या स्वामींनी पंचमीचा सकाळचा मुहूर्त दिलाय,” महालिंगप्पा म्हणाले. “नवी वस्तू मुहूर्ताआधी वापरायची न्हाय. तेल पाजलंय की न्हाय वेळच्या वेळी?”

“पाजलंय.”

“मग गळंल कशाला?”

कल्याणप्पानं लक्ष्मम्माकडं बघितलं. “व्हय वैनी, तेल तर झालंय दोन्ही वेळा. न्हाय का?”

ओसरीवर तिघं होती. नीलम्मा आत लाह्या फोडत होती, त्याचा आवाज येत होता. लक्ष्मम्माच्या तोंडाशी शब्द आला होता. नवऱ्यासमोर नको, मागनं एकट्याला सांगू, असं तिला वाटलं.

“झालंय,” ती म्हणाली.

आणि मागनं सांगायचं राहून गेलं.

पंचमीला सगळं गाव थडीवर लोटलं. वारूळ पुजून बायका आल्या, झोके सोडून पोरी आल्या. नावेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. लक्ष्मम्माच्या हातात तबक होतं: खण, नारळ, पाच हळकुंडं, पाच सुपाऱ्या, ओंजळभर तांदूळ. तिनं ठरवलं होतं, घरापर्यंतसुद्धा थांबायचं नाही, नणंदेनं पाय टेकला की थडीवरच ओटी भरायची, सगळ्या गावादेखत. तूप जसं दहा जणांदेखत, तशी ओटी शंभर जणांदेखत.

पल्याड दोन बायका दिसत होत्या. एक ठेंगणी, डोक्यावर पदर, हातात गाठोडं. बाकी तोंड-नाक दिसावं एवढी नदी अरुंद नव्हती, पण चन्नम्माची उभं राहायची ढब लक्ष्मम्मानं ओळखली. एका पायावर भार देऊन उभी राहायची ती, पोरपणापासून.

कल्याणप्पा आणि बब्रुवान नावेत बसले. शीड उभं राहिलं, वाऱ्यानं भरलं, आणि गावानं हर हर महादेव केलं. नाव किती झोकात निघाली! महालिंगप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बैल काय, पुढल्या साली घेऊ,” ते म्हणाले.

निम्मी नदीसुद्धा ओलांडली नसेल. बब्रुवान वाकून काहीतरी उपसायला लागला. मग कल्याणप्पाही. नाव जडावली, वळेना झाली, धारेनं तिला आडवी घेतली. नीलम्मानं किंकाळी फोडली. पल्याडच्या थडीवर ते गाठोडं खाली पडलेलं लक्ष्मम्माला दिसलं. धारेच्या खालच्या अंगाला पोरांनी काहील सोडली, दोर टाकले, आणि पाव कोसावर बाभळीच्या जाळीत नाव अडकली. दोघं जिवंत निघाले. कल्याणप्पाच्या कपाळातून रक्त येत होतं.

तो चिखलात बसला होता. त्याचा हात सवयीनं नावेच्या पोटावर गेला, नखाखाली पिवळा पापुद्रा आला. त्यानं तो बोटांत चुरला, नाकाला लावला. मग मान वर करून त्यानं वैनीकडं बघितलं. ती तबक घेऊन धावत आली होती. तबक टाकायचंसुद्धा तिला सुचलं नव्हतं.

“करडी हाय,” तो हळू म्हणाला. फक्त तिला ऐकू जाईल एवढं.

“अरे, सांधं उघडी पडली ही!” महालिंगप्पा ओरडत आले. “तेल लावलं व्हतं म्हणालास ना?”

कल्याणप्पानं नदीकडं तोंड केलं. “माझं चुकलं, अण्णा. माझ्याकडनं लावायचं राहिलं.”

“राहिलं? माझ्या बैलांचं पैसं पाण्यात घातलंस, नीलम्माचं कुंकू पुसायची पाळी आणलीस, आन् राहिलं म्हणतोस?” महालिंगप्पांनी भर गावात धाकट्या भावाला नको नको ते बोलून घेतलं. नीलम्मा नवऱ्याच्या जखमेवर पदर धरून रडत होती आणि मोठ्या दिराचा एकेक शब्द गिळत होती. आत्ता बोल, आत्ता तरी बोल, असं लक्ष्मम्माला कुणीतरी आतून म्हणत होतं. ती बोलली नाही.

महालिंगप्पांनी काहीलही बंद करायला लावली. पाणी चढत होतं. पल्याडच्या दोघी कितीतरी वेळ उभ्या होत्या. लक्ष्मम्मा परत उतारापाशी गेली आणि हाका मारू लागली, “चन्नव्वा! ए चन्नव्वा!” पण पाण्याच्या आवाजापुढं तिचा आवाज तिलाच नीट येईना. मग तिनं तबक दोन्ही हातांनी वर धरलं, डोक्याच्याही वर. हात भरून येईपर्यंत धरलं. दिवस कलला तेव्हा ठेंगणी बाई वळली, दुसरीनं तिचा हात धरला, आणि दोघी बांधामागं गेल्या.

त्या दिवसापासून घरात दोन चुली झाल्या नाहीत एवढंच. नीलम्मा मोठ्या दिरासमोर यायची बंद झाली. महालिंगप्पा भावाशी कामापुरतं बोलायचे. कल्याणप्पा वैनीला पूर्वीसारखाच ‘वैनी’ म्हणायचा, ताट पुढं केलं की जेवायचा, एका शब्दानं विषय काढायचा नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर तिनं सुटकेचा श्वास सोडला असता.

दसरा झाला आणि पल्याडून खबर आली. चन्नम्मा गेली. छातीचं दुखणं जुनंच होतं म्हणे. आषाढ सरता सरता तिनं अंथरूण धरलं होतं, पंचमीला हट्टानं उठून आली होती.

आता नदी उतरली होती. घोट्याच्या वर पाणी नाही. तिघं पायीच निघाली, महालिंगप्पा पुढं, मधे कल्याणप्पा, मागं लक्ष्मम्मा. नाव बाभळीच्या जाळीत तशीच कलंडलेली होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही.

चन्नम्माच्या घरी तिची सून शिवकांता पुढं आली. नवी सून, दोन वर्षांपूर्वी आलेली, नवऱ्याचं आजोळ तिनं पाहिलंही नव्हतं. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, पाया पडली, आणि रडता रडता सांगू लागली.

“पंचमीला सासूबाईंच्यासंगं म्याच व्हते, मामा. नाव बुडाली असं म्या म्हणलं तशा मटकन खालीच बसल्या. धाकलं मामा निघाले बाहेर असं म्या सांगितलं, तेव्हा कुठं जीव आला. सासूबाईंना लांबचं दिसत नव्हतं, मोतीबिंदू व्हता दोन्ही डोळ्यांत. सारखं विचारायच्या, कोण कोण आलंय? बघून सांग.”

“मग तू काय सांगितलंस?” लक्ष्मम्मानं विचारलं.

“धाकल्या मामांशिवाय म्या कुणालाच वळखत नव्हते, मामी. म्हणलं, लई माणसं हायत. एक बाई पाण्यापाशी उभी हाय, हातात तबक हाय, वर धरलंय. तर लई खूश झाल्या. म्हणाल्या, ती नीलम्मा असंल. गुणाची हाय. मागच्या टायमाला बी तिनंच ओटी भरली.” शिवकांतानं डोळे पुसले. “मरताना बी दोनदा म्हणाल्या, थोरली आली नसंल. तिचं डोकं दुखत असंल.”

महालिंगप्पा खांबाला टेकून बसले होते. कल्याणप्पानं घसा साफ केला. “न्हाय, पोरी,” तो म्हणाला, “तबक घेऊन उभी व्हती ती थोरली वैनीच व्हती.”

एवढं सगळं होऊन पुन्हा त्यानंच तिची बाजू घ्यावी! लक्ष्मम्माला आता सोसवेना. ती नवऱ्याकडं वळली.

“नावंला मासळीचं तेल लागलंच न्हाय. डबा म्या पुरायला लावला, मळ्याच्या कडंला. कल्याणप्पाशी खोटं बोलले. त्येनं माझा गुन्हा आपल्या अंगावर घेतला आन् तुमी त्येला बोललात तेव्हा म्या गप बसले.”

महालिंगप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी भावाकडं बघितलं आणि त्यांची मान खाली गेली. कल्याणप्पा उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

चन्नम्माला तिच्याच शेतात पुरलं होतं, बांधाजवळ. ढेकळांवर अजून गवत उगवलं नव्हतं. लक्ष्मम्मानं पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदूळ काढले. पुढं पदर पसरणारं कुणी नव्हतं. तिनं ते सगळं मातीवर मांडलं, हळदकुंकू वाहिलं आणि खाली वाकून, समोर माणूस बसल्यासारखं, मोठ्यानं म्हणाली, “चन्नव्वा, नीलम्मा नव्हती गं ती. म्या व्हते.”

शिवकांता मागं उभी होती. तिनं थोडा वेळ वाट बघितली आणि मग मामीला हाताला धरून उठवलं.